गळ्यात बांधलेला लंगोट

दुकानाच्या पाटीवर मी मोठ्या हौसेने ‘येथे उत्तम लंगोट मिळतील’ असं रंगवून घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात दारात एक पैलवान येऊन उभा राहिला. नारायणगावच्या बाजारपेठेतलं माझं दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि उरलेल्या जागेत मी. त्या गृहस्थाने दार भरून टाकलं, आत उजेड यायचा बंद झाला. मी माझ्याकडचा सर्वांत मोठा माल त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो दोन बोटांत उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि अतिशय गंभीरपणे विचारलं, “भाऊ, ह्यो नाकाला बांधायचा का?”

त्याच दिवशी रंगाऱ्याला बोलावून पाटीत ‘बाळांचे’ हा शब्द घुसवला. जागा उरली नव्हती, म्हणून तो तिरका करून ‘लंगोट’ या शब्दाच्या डोक्यावर बसवावा लागला. आजही तो तसाच आहे. गावात मला कोणी आडनावाने ओळखत नाही. ‘लंगोटवाले भाऊ’ म्हणालात की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो, आणि सोडताना हसतो.

झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. बाळंतविड्याचा सगळा संसार मी शिवतो, पण नाव झालं ते लंगोटावर. लंगोट म्हणजे त्रिकोणी कापड आणि दोन नाड्या. एवढ्यात कला ती काय, असं माझे मेहुणे दर दिवाळीला फराळ करता करता विचारतात. मी त्यांना दर दिवाळीला तेच सांगतो: तुमची पँट काचली तर तुम्ही मला येऊन शिव्या देऊ शकता. माझ्या गिऱ्हाइकाला तेवढी भाषा येत नाही. ते फक्त रडतं, आणि घरातले लोक समजतात की पोट दुखतंय.

तर कला अशी. कोरं मांजरपाट कागदासारखं वाजतं, कारण गिरणीतून येताना त्याला खळ लावलेली असते. ते तसंच शिवून बाळाला गुंडाळलं तर पत्र्याची चड्डी घातल्यासारखं होतं. मी कापड आधी भिजवतो, धुतो, उन्हात टाकतो, पुन्हा धुतो. ते वाजायचं थांबेपर्यंत. मग कापतो. शिवण बाहेरच्या अंगाला घेतो, म्हणजे बाळाच्या मांडीला दोऱ्याची गाठसुद्धा लागत नाही. यावरून एकदा ओतूरची एक बाई डझनभर लंगोट परत घेऊन आली होती. म्हणाली, “भाऊ, समदे उलटे शिवलेत.” मी म्हणालो, “बाई, माणूस बाहेरून बघतो, बाळ आतून बघतं.” तिला ते वाक्य इतकं आवडलं की लंगोट घेऊन गेली आणि बहिणीलाही माझ्याकडे पाठवून दिलं.

घरात आजोबांचं जुनं सुती धोतर असेल तर माझ्याकडे येऊच नका, असं मी सुरुवातीलाच सांगतो. वर्षानुवर्षं धुतलेल्या धोतराइतकं मऊ कापड कुठल्याही गिरणीत निघत नाही. ते फाडा, चौकोन करा, घड्या घाला, झालं. साडी मात्र सुतीच हवी. नायलॉनची साडी म्हणजे ताडपत्री, ओल आत कोंडून ठेवते. ही माहिती मी फुकट देतो आणि गिऱ्हाईक आल्या पावली परत जातं. त्या वेळी मशीनवर बसलेली माझी बायको शोभा माझ्याकडे ज्या नजरेने बघते, ती नजर शिवणातून आरपार जाते.

काही धडे मला गिऱ्हाइकांनीच दिले. भीमाशंकरच्या डोंगरातून एक आजी बाजाराला आली होती. मी तिच्यापुढे चार पदरी जाड लंगोट टाकला, मोठ्या तोऱ्यात. तिने तो चाचपला आणि ढकलून दिला. “ह्यो आमच्याकडं पावसाळ्यात वाळायचाच न्हाई. पोर चालायला लागंल तवर ओलाच ऱ्हाईल. एकपदरी दे, घड्या आमी घालू.” तिच्या गावात पावसाळाभर ऊन दिसत नाही, चुलीवर बांबू बांधून त्यावर कपडे शेकावे लागतात. तेव्हापासून मी जाड लंगोट शिवायचा बंद केला. पातळ कापडाच्या कितीही घड्या घालता येतात, धुतलं की चटकन वाळतं. जाड कापड वरून वाळतं आणि पोटातून ओलं राहतं, काही माणसांसारखं.

आणखी एक गिऱ्हाईक बेल्ह्याच्या बाजारातून टेम्पो घेऊन आलं. बैलगाडा शर्यतीचा शौकीन. त्याच्या बैलाचा खांदा जोखडाने सोलून निघाला होता आणि त्याला तिथे ठेवायला मऊ घडी हवी होती. मी मापासाठी विचारलं तर तो म्हणाला, “माप काय घेता राव, भायेर टेम्पोत उभाच हाय ना!” मी टेप घेऊन टेम्पोत चढलो. बैलाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि जागचा हलला नाही. इतक्या आदराने आजवर मापाला कोणीच उभं राहिलेलं नाही.

आता किराणा दुकानाच्या दारात शाम्पूच्या पुड्यांशेजारी डायपरची माळ लटकते. मी तिच्याशी भांडत नाही. प्रवासात, लग्नाकार्यात ती सोय आहेच. चाकणला दिलेली माझी मुलगी नोकरी करते. तिच्या बाळाला दिवसभर डायपर असतं आणि मी तिच्या घरी गेलो की त्या विषयावर मुका होतो. पण दुकानात बसून रस्त्याकडे बघताना कधी कधी वाटतं, की बाळ ओलं झालं हे आईला लगेच कळणं हाच लंगोटाचा सगळ्यात मोठा गुण होता, आणि तोच त्याचा दोष ठरला.

असो. सांगायची गोष्ट वेगळीच आहे. या धंद्यात माझ्यावर एकदाच भर बाजारात खटला चालला. त्यात मी आरोपी होतो, वकील होतो आणि शेवटी पुरावाही मीच झालो.

द्राक्षाच्या हंगामातला बाजारचा दिवस होता. सकाळची थंडी, दुकानाबाहेर गर्दी. येडगाव धरणाच्या बाजूला गजराबाईंचा मळा आहे. त्यांच्या सुनेच्या, प्रियांकाच्या बाळासाठी मी महिनाभरापूर्वी सगळा बाळंतविडा शिवून दिला होता. गजराबाई आल्या त्या सरळ आत. हातातली पिशवी त्यांनी माझ्या टेबलावर उलटी केली. धुऊन घडी केलेले माझेच काही लंगोट.

“हे घ्या तुमचं मांजरपाट,” त्या मोठ्याने म्हणाल्या, म्हणजे बाहेरच्यांनाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने. “माझ्या नातवाची कातडी सोलून निघालीया. लालभडक! हात लावू देत न्हाई ते पोर.”

“मावशी, डॉक्टरला दाखवलं का?”

“दाखवलं. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं. लावलं की बसतंय, दोन दिसांनी परत उठतंय. म्हंजी काय? खोट कशात तरी हायेच.”

दुकानात तीन-चार बायका होत्या. त्यांनी हातातली झबली हळूच खाली ठेवली. ती झबली खाली ठेवली जाताना मला स्पष्ट ऐकू आली.

आता मी काय करायला हवं होतं? शांतपणे विचारायला हवं होतं, कपडे कशाने धुता, किती वेळा बदलता. पण माझ्यासमोर प्रेक्षक होते. प्रेक्षक दिसले की मला आवरत नाही, हे शोभा लग्नाच्या मांडवापासून सांगते आहे. मी टेबलावरचा एक लंगोट उचलला, हवेत झटकला, सगळ्यांना दाखवला, आणि मफलर बांधावा तसा स्वतःच्या गळ्याभोवती बांधला. नाडीची गाठ पुढे, टायसारखी.

“मावशी,” मी म्हणालो, “ही मान बघून ठेवा. दिवसभर हा लंगोट इथून सुटणार नाही. माझ्या कापडात खोट असेल तर ही मान आधी सोलून निघेल.”

बाहेर कोणीतरी टाळी वाजवली. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. एकीने खाली ठेवलेलं झबलं परत उचललं. मी जिंकलो होतो. गजराबाईंनी माझ्या मानेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“बरं भाऊ. कापड चांगलं म्हणता, मग चांगलं. मंग खोट दुधातच हाय.”

“कसल्या दुधात?”

“पोराच्या आईच्या. उष्ण दूध हाय तिचं, मी पयल्यापासनं म्हणतीया. म्हणलं, एकदा कापडाची खात्री करून घ्यावी, उगा पोरीवर आळ नको. ती झाली. आता आज दुपारपासनं अंगावरचं बंद. मेडिकलमधून पावडरीचा डबा घेऊनच जाते.”

आणि त्या गेल्या. आईच्या दुधाचा आणि लंगोटाखालच्या पुरळाचा काही संबंध नसतो, दूध तोडू नका, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलेलं होतं. पण डॉक्टरीणबाई पडल्या सुनेच्या वयाच्या. तेव्हा गजराबाईंच्या लेखी ती दोघींची आपापसातली गोष्ट होती.

गर्दी पांगली. माझी विक्री झकास झाली. मी गळ्यातल्या लंगोटासकट गल्ल्यावर बसलो. शोभा मशीनवरून म्हणाली, “जिंकलात ना?”

“मग!”

“त्या पोरीचं दूध तोडलंत तुम्ही.” आणि तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

शोभा जास्त बोलत नाही, म्हणून तिचं एखादं वाक्य दिवसभर पुरतं. मी हिशेब मांडून पाहिला. कापड वाईट म्हणावं तर माझी अब्रू जाते. चांगलं म्हणावं तर त्या मुलीच्या कुशीतून पोर काढून घेतलं जातं. मधली वाट काही सुचेना. दुकानाला वर पत्रा, थंडीच्या दिवसांतही दुपारी तो तापतो. घाम फुटला. आणि मान खाजायला लागली.

आधी मी दुर्लक्ष केलं. मग इंच मोजायच्या लाकडी पट्टीने खाजवलं. मग उठून आरशासमोर गेलो आणि लंगोट जरा सरकवला. खाली लाल पट्टा! व्यवस्थित, नाडीच्या रेषेपर्यंत, मी शिवलेल्या आकाराचा. भर बाजारात दिलेल्या शब्दाप्रमाणे माझी मान सोलून निघत होती.

“शोभा,” मी म्हणालो, “दुकान बुडालं.”

ती आली. तिने माझ्या मानेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घामाने भिजलेला लंगोट सोडवला, नाकाशी नेला आणि म्हणाली, “गंधक.”

शोभाचं माहेर बागायतदाराचं. द्राक्षाच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी पडते, त्यावर उपाय म्हणून बागेत गंधक मारतात. तिचं बालपण त्या वासात गेलं. कोरड्या कापडाला तो जाणवत नव्हता, घाम लागल्यावर उठला. कापड किंचित पिवळटही होतं. पण बाळाच्या लंगोटाला पिवळटपणा असला तर त्यात काय बघायचं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

मी मान धुतली, दुकान शोभाच्या भरवशावर सोडून देणार होतो, पण तीच आधी स्कूटरवर जाऊन बसली. दुकानाचं शटर ओढलं आणि आम्ही मळ्यावर निघालो.

घर रस्त्याला लागूनच. अंगण लख्ख सारवलेलं, पण तिथे वाळत घातलेली एक चिंधीसुद्धा नाही. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, भुकेचं. ओसरीवर गजराबाई डबा उघडून बसल्या होत्या, शेजारी गॅसवरून उतरवलेल्या पातेल्यात बाटली उकळून ठेवलेली. प्रियांका आतल्या दारात उभी होती. तिच्या छातीवरचा पदर ओला झाला होता आणि ती तो पुन्हा पुन्हा ओढून घेत होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. ती फक्त त्या बाटलीकडे बघत होती.

“मावशी,” मी म्हणालो, “बाळोती कुठे वाळवता?”

“आता हे काय इचारणं? मागं वाळवतो. हितं पुढं टाकली तर रस्त्यानं जाणारा-येणारा समदा गाव बघंल. नजर लागंल पोराला. मागं कोण येतंय बघाया?” मग जरा ठसक्यात म्हणाल्या, “आन भाऊ, तुमीच म्हणला व्हता, कडक उनात, मोकळ्या वाऱ्यात टाका. तसंच टाकतो. दिवा लागायच्या आत उचलतो. एक दिस चुकलो न्हाई.”

“जरा दाखवा.”

त्या पुढे, मागे मी आणि शोभा. बाळाला खांद्यावर घेऊन प्रियांकाही आली. घराला वळसा घातला आणि मी थांबलोच. द्राक्षाच्या मांडवाची पहिली ओळ, ताणलेल्या तारा, आणि घराकडच्या तारांवर, बागेतून पाहिलं तर पानांच्या आड, एका रांगेत माझे लंगोट. पांढरे, मोकळ्या वाऱ्यात हलणारे, भरपूर उन्हात. माझी एकेक सूचना पाळलेली. बाळोती वाळवायला याहून चांगली जागा त्या शिवारात नव्हती.

पलीकडच्या ओळीतून घरघर करत ट्रॅक्टर येत होता, मागे औषध मारायचा ब्लोअर, आणि त्याच्याभोवती पिवळसर धुरळा. चालवणारा सागर, गजराबाईंचा मुलगा, बाळाचा बाप. त्याने आम्हाला पाहिलं, ट्रॅक्टर बंद केला, तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि लांबूनच काळजीने ओरडला:

“अहो भाऊ, तोंडाला कायतरी बांधा! गंधक मारतोय. लई आग व्हतीया!”

वाऱ्याने तो धुरळा हळूहळू आमच्या बाजूला आला आणि लंगोटांमधून, जणू मोजून एकेकाला भेटत, पुढे गेला. सागरने आमची तोंडं पाहिली, मग आमच्यासमोरची तार पाहिली. मग खाली उतरला आणि उतरून तसाच उभा राहिला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. सगळी बाळोती उकळत्या पाण्यात घातली, साबण थोडा, खळबळणं भरपूर. साबणही कापडात राहिला तर तोच चावतो. बाळाला अंघोळीनंतर टिपून कोरडं करायचं, चोळायचं नाही, आणि कोवळ्या उन्हात जुन्या धोतरावर तसंच उघडं लोळू द्यायचं. वाऱ्यासारखं मलम नाही, आणि ते सगळ्यात स्वस्त. खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, पावडर बंद, वास येणारा साबण बंद, ओलं झालं की लगेच बदलायचं. फोड आले, पाणी सुटलं किंवा ताप आला तर मात्र घरचे उपाय बाजूला ठेवून दवाखाना. हे शोभाने प्रियांकाला सांगितलं. सागर दुसऱ्या दिवशी बाळाला पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला आणि या वेळी काय झालं ते खरं सांगून मलम आणलं. ते पुरळ बसलं ते पुन्हा उठलं नाही.

पण त्या दुपारी हे सगळं व्हायचं होतं. आम्ही ओसरीवर परत आलो, सागर मागोमाग. मी कडेला टेकलो. डबा उघडा, बाटली निवलेली, बाळ रडून रडून घोगरं झालेलं. गजराबाई खाली बसल्या. सुनेकडे त्यांनी पाहिलं नाही. मी आयुष्यात बरेच नाट्यमय प्रसंग उभे केले आहेत, बहुतेक विनाकारण. पण हा प्रसंग माझा नव्हता. आता बाई रडतील, की सागरवर ओरडतील, की माझ्यावर, याचा मी अंदाज बांधत होतो. गळ्यात काहीच बांधलेलं नसताना माझा हात उगीच मानेशी जात होता.

गजराबाईंनी डब्याचं झाकण उचललं, नीट दाबून बसवलं आणि डबा पायाने भिंतीकडे सारला.

“उभी काय ऱ्हायलीस?” त्या सुनेवर खेकसल्या. “पोर कवाचं रडतंय, ऐकू येत न्हाई का? घे पदराखाली!”

प्रियांका दारातच मटकन बसली. गजराबाईंनी उशी ओढून तिच्या पाठीमागे सारली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

“आन तुमी काय बघताय हो बसून? उठा की! चला, भायेर व्हा!”

या धंद्यात मला अनेक घरांतून मानाने निरोप मिळाला आहे, चहा मिळाला आहे, पेढे मिळाले आहेत. हाकलून दिलं गेलं ते एवढ्या एकाच घरातून. मी आणि सागर निमूटपणे अंगणात आलो. तो कुठूनतरी नायलॉनची दोरी घेऊन आला. एक टोक त्याने फाटकाच्या खांबाला बांधलं, दुसरं मी ओसरीच्या खांबाला, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. दोघांनीही घराकडे पाठ केली होती. सागर गाठ मारत होता, सुटत होती, तो पुन्हा मारत होता.

आतलं रडणं मध्येच तुटलं.

सागरने हातातली दोरी तशीच धरून ठेवली. आम्ही दोघं बराच वेळ ते न ऐकू येणारं रडणं ऐकत उभे राहिलो.